गुणगौरवात डिक्शनरी देताय? आधी तिच्यातली एक नोंद वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत चाळ कमिट्यांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे गुणगौरव समारंभ सुरू होतात. वह्या, सॅक, छत्री यांच्या जोडीला आता इंग्रजी डिक्शनरी द्यायची पद्धत पडली आहे. पद्धत चांगली आहे आणि ती टिकावी असंच मला वाटतं. माझं म्हणणं निवडीबद्दल आहे. कमिटीतली मंडळी दुकानात जातात, जाडी बघतात, किंमत बघतात, कव्हरवर किती लाख शब्द छापलेत ते बघतात आणि प्रतींचा गठ्ठा बांधून घेतात. आतली एक नोंदसुद्धा कुणी वाचत नाही. मी मुद्रितशोधन करते, इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. माझं पोट डिक्शनऱ्यांवर चालतं. म्हणून हे पत्र, आणि ते लांबलं आहे त्याला इलाज नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला गेल्या वर्षी असंच एक जाडजूड इंग्रजी-मराठी पुस्तक मिळालं. मुलगी मराठी माध्यमातून दहावी झालेली, अकरावीला सायन्स घेतलेलं, म्हणजे एका सुट्टीत सगळे विषय मराठीतून इंग्रजीत गेलेले. जीवशास्त्राच्या पुस्तकात तिला ‘बॅक्टेरियल कल्चर’ भेटलं. बक्षिसाच्या डिक्शनरीत ‘कल्चर’पुढे होतं : संस्कृती, सुधारणा, मशागत. जिवाणूंची संस्कृती म्हणजे काय ते तिला कळेना, आणि कळणार तरी कसं? तीन प्रतिशब्द दिले होते, पण कुठला कुठे वापरायचा याची खूण नव्हती, सोबत एक वाक्य नव्हतं, आणि तिला हवा होता तो अर्थ तर नव्हताच. ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी माझ्या टेबलावरचे कोश एकेक करून तिच्यापुढे उघडले. तोच शब्द वेगवेगळ्या कोशांत कसा दिसतो ते इथे सांगते.

पहिला उघडला तो ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. त्यात ‘कल्चर’चे अर्थ वापराच्या क्रमाने लावले आहेत. आधी लोकांची राहणी-रूढी, मग कला-साहित्य, मग एखाद्या संस्थेतली वागण्याची रीत. त्याच्याही खाली, जीवशास्त्र आणि वैद्यक अशी पाटी लावून, तपासणीसाठी वाढवलेल्या पेशींचा किंवा जिवाणूंचा समूह. प्रत्येक अर्थापुढे बारीक अक्षरात सांगितलं आहे की या अर्थी हे नाम मोजता येतं की नाही. राहणी म्हणून ‘कल्चर’चं अनेकवचन होतं, कला म्हणून होत नाही, जिवाणूंचं पुन्हा होतं. आणि बहुतेक अर्थांखाली वाक्यं. मुलीला दोन मिनिटांत उलगडा झाला. दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंनाही इंग्रजीत हाच शब्द लावतात हे मी सांगितल्यावर तर ती तो शब्द विसरणं शक्यच नाही.

दुसरा उघडला मेरियम-वेब्स्टरच्या ‘कॉलेजिएट’ची अकरावी आवृत्ती, २००३ ची. अमेरिकेतला हा मानाचा कोश, पण त्यात ‘कल्चर’चा पहिला अर्थ येतो जमिनीची मशागत! वेब्स्टरच्या घराण्यात अर्थ इतिहासाच्या क्रमाने लावायची रीत आहे : भाषेत जो अर्थ आधी आला तो आधी. अभ्यासकाला यातून शब्दाचा सगळा प्रवास एका दृष्टिक्षेपात दिसतो, आणि मी स्वतः भाषांतर करताना त्यासाठी तो मुद्दाम उघडते. पण आपल्या मुलांना शाळेत सवय लागलेली असते ती पहिल्या क्रमांकाचा अर्थ उचलून पुढे जायची. अशा मुलाच्या हातात हा कोश दिला तर तो पंधराव्या शतकातला अर्थ घेऊन आजच्या पेपरात घालील. प्रस्तावनेत ही रीत स्पष्ट सांगितलेली असते. प्रस्तावना वाचतो कोण?

तिसरा ‘चेंबर्स’. १९०१ पासून चालत आलेल्या या ब्रिटिश कोशाची ठेवण अगदी वेगळी. एका मूळ शब्दाखाली त्याचं सगळं गणगोत एकाच परिच्छेदात दाटीवाटीने बसवलेलं असतं. साधित शब्द, जोडशब्द, सगळं तिथेच. जुने, बोलीतले, स्कॉटिश शब्द भरपूर. शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा तो लाडका आहे ते याचमुळे. वाक्यं मात्र फार थोडी, आणि नाम मोजता येतं की नाही हे सांगायची पद्धतच नाही. इंग्रजी ज्याच्या घरची भाषा आहे त्याला ते सांगावं लागत नाही, आणि हा कोश त्याच्यासाठीच केलेला आहे. ‘कन्साइज ऑक्सफर्ड’चंही थोडंफार तसंच. फाउलर बंधूंनी तो १९११ मध्ये केला. अर्थ नेमका, मोजक्या शब्दांत, शेवटी व्युत्पत्ती. पदवीच्या पुढच्या माणसाने घरात ठेवावा तो हा. मराठी माध्यमातून नुकत्याच निघालेल्या मुलाला त्याची व्याख्याच पुन्हा दुसऱ्या डिक्शनरीत बघावी लागते.

त्या मुलीला बघायला मिळाला नाही, पण मी तिला सांगितलं, तो मोठा ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची, नोंदी २,९१,५०० आणि अवतरणं सुमारे २४ लाख. या कोशाचं सगळं मोल त्या अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ पहिल्यांदा कुठे छापला गेला तिथपासून वाक्यं तारखेनिशी लावलेली. आपल्याकडे दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त एखाद्या जुन्या शब्दापुढे ज्ञानेश्वरीची ओवी अध्यायाच्या आकड्यासह दिलेली सापडते ना, तीच दृष्टी. दाते-कर्व्यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तेही तुटपुंज्या साधनांवर. त्याबद्दल मराठी माणसाने जितका अभिमान बाळगावा तितका थोडाच. ऑक्सफर्डच्या कोशाचं संपादन जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये हाती घेतलं ते दहा वर्षांत पुरं होईल या हिशेबाने. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला तो ‘अँट’ या शब्दापर्यंत. गावोगावचे वाचक पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवत, त्या लाखो चिठ्ठ्या लावत लावत काम १९२८ साली पुरं झालं. मरे १९१५ मध्येच गेले.

आता कव्हरवरच्या आकड्यांकडे येते. ‘कन्साइज ऑक्सफर्ड’च्या बाराव्या आवृत्तीवर २,४०,००० हा आकडा आहे, आणि तो शब्द, वाक्प्रचार आणि अर्थ यांची मिळून बेरीज आहे, असं तिथेच प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. बाजारातल्या सगळ्याच पुस्तकांवर इतका खुलासा नसतो. कुणी मूळ शब्द मोजतं, कुणी त्यापासून झालेली रूपंही मोजतं, कुणी अर्थ मोजतं, आणि आपण दुकानात उभे राहून हे वेगवेगळे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो. मोठ्या ऑक्सफर्डच्या सुधारित नोंदीत ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. नुसते शब्द मोजले तर हा ‘रन’ एकच. तोच ‘रन’ एखाद्या स्वस्त कोशात ‘धावणे, पळणे, चालवणे’ एवढ्यावर आटोपतो आणि तिथेही तो एकच मोजला जातो. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात सुमारे ४३,००० शब्द होते, आजच्या फूटपाथवरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा कमी. तरी इंग्रजीचा प्रमाणभूत कोश म्हणून शंभराहून जास्त वर्षं लोकांनी तोच मानला, कारण प्रत्येक शब्दापुढे काम केलेलं होतं.

आणि ‘वेब्स्टर’ या नावाला भुलू नका. नोहा वेब्स्टरने आपला मोठा कोश १८२८ मध्ये काढला, त्याच्या मृत्यूनंतर हक्क मेरियम बंधूंनी घेतले, पण ते आडनाव पुढे कुणा एकाच्या मालकीचं राहिलं नाही. अमेरिकेत कुठल्याही प्रकाशकाला ते कव्हरवर छापता येतं. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या बाजूला किंवा किंग्ज सर्कलला फूटपाथवर जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या ज्या ‘वेब्स्टर’ दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचा मूळ घराण्याशी काहीही संबंध नसतो. ‘मेरियम’ हे नाव जोडीला आहे का तेवढं बघावं.

मग द्यायचं काय? माझं उत्तर ठाम आहे : दहावी-बारावीच्या मुलाला लर्नर्स डिक्शनरी द्या. ऑक्सफर्डची द्या, केंब्रिजची द्या, लाँगमनची द्या, कॉलिन्स कोबिल्ड द्या, पण या जातीची द्या. ही जातच मुळी परक्या भाषेतून इंग्रजीत येणाऱ्यांसाठी जन्मली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या मुलांचं वाक्य नेमकं कुठे अडतं ते रोज बघत होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने काढला. तोच आजचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’. क्रियापदापुढे काय येतं आणि काय येत नाही हे सांगणं हा त्याचा पहिल्यापासूनचा बाणा. आपण मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून मुलं इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’ लिहितात. मुलंच काय, माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत मोठे अधिकारीही लिहितात. या कोशात ‘डिस्कस’खाली स्वच्छ लिहिलेलं आहे की ‘डिस्कस अबाउट’ म्हणता येत नाही. वीस खंडांचा मोठा कोश घरी आणलात तरी असा सल्ला तुम्हाला त्यात मिळणार नाही, कारण तो कोश भाषेत काय घडलं याची नोंद ठेवतो, शिकणाऱ्याचा हात धरणं हे त्याचं काम नाही. ‘फर्निचर’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’ या शब्दांना अनेकवचनाचा ‘एस’ लावायची खोड तर आपल्याकडे घरोघर आहे. लर्नर्स कोशात त्यांच्यापुढे एक अक्षर असतं, ते बघायची सवय लागली की खोड जाते.

लाँगमनने १९७८ मध्ये आणखी एक गोष्ट केली : सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत लिहायच्या असं ठरवलं. एवढे शब्द येणारा मुलगा पुस्तकातली कुठलीही व्याख्या वाचू शकतो. कोबिल्ड १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली तयार झाला, खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर चाळून. त्याची व्याख्या म्हणजे पूर्ण वाक्य असतं. लोक एखाद्या गोष्टीवर चर्चा करतात म्हणजे काय करतात, असं शिक्षक फळ्यापाशी उभं राहून सांगतो त्या धाटणीचं. काहींना ते पाल्हाळ वाटतं. मला विचाराल तर स्वतःच्या बळावर इंग्रजी शिकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा मायाळू पुस्तक नाही.

नोंद किती खोलात जाते याचा आणखी एक नमुना सांगते, कारण तो आपल्या शहराचा आहे. ‘बंगलो’ हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. बंगाली धाटणीचं घर तो बंगला, आणि इंग्रजीत त्याची नोंद १६७६ पासूनची सापडते. पण इंग्लंडमध्ये बंगलो म्हणजे जिना नसलेलं एकमजली घर. मलबार हिलचा तीनमजली बंगला डोळ्यांसमोर असलेला आपला मुलगा इंग्रजी गोष्टीत बंगलो वाचतो तेव्हा त्याला पात्र श्रीमंत वाटतं, आणि गोष्टीतलं पात्र असतं एखादं पेन्शनर जोडपं. चांगला लर्नर्स कोश दोन्ही अर्थ वेगळे देतो, दुसऱ्यापुढे आशियातल्या काही देशांत असं लिहितो. स्वस्त कोशात ‘बंगला’ एवढाच प्रतिशब्द येतो आणि मुलाचा गैरसमज पक्का होतो.

इंग्रजी-मराठी कोशांवर माझा राग नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, आणि आजही एखादा ठसठशीत मराठी शब्द अडला की मी त्याच्याकडे वळते. वीरकरांच्या डिक्शनरीवर तर मुंबईतल्या कित्येक घरांनी आपली पहिली इंग्रजी अर्जपत्रं लिहिली. रमेश धोंगडे यांचा ऑक्सफर्डने काढलेला इंग्रजी-मराठी कोश मी स्वतः रोज वापरते. असा एक कोश घरात हवाच, विशेषतः पाचवी ते आठवीच्या मुलांना. पण तो एकटा पुरत नाही, आणि उच्चारांच्या बाबतीत तर नाहीच. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना आघात आधी, क्रियापद असताना नंतर. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ आपल्याकडे एकाच अक्षरात बसतात. लर्नर्स कोशात आघाताची उभी खूण आणि उच्चारचिन्हं असतात, ती वाचायला एका रविवारी शिकता येतात.

फोन आहे की, असं कमिटीतली तरुण मुलं म्हणतात. गुगलवर शब्द टाकला की वर जी चौकट येते तिचा मजकूर ऑक्सफर्डचाच असतो, पण आधी दिसतात ते एक-दोन अर्थ, आणि घाईतला माणूस तिथेच थांबतो. केंब्रिज, लाँगमन, ऑक्सफर्ड लर्नर्स, मेरियम-वेब्स्टर यांच्या साइट फुकट आहेत आणि उत्तम आहेत. मुलांना चौकटीपाशी न थांबता तिथे जायला शिकवा. तरीही छापील पुस्तकाचा आग्रह मी सोडणार नाही. मॅकमिलनने आपला सुरेख लर्नर्स कोश छापणं बंद करून तो फक्त साइटवर ठेवला, आणि २०२३ मध्ये साइटही बंद केली. ज्यांच्याकडे जुनी छापील प्रत आहे त्यांच्याकडेच तो आज आहे.

पैशाचा प्रश्न येतो हे मला ठाऊक आहे. कमिटीच्या हातात वर्गणीचे पैसे असतात आणि प्रत्येक मुलाला काहीतरी मिळायला हवं असतं. त्यावर माझी सूचना अशी की लर्नर्स कोशाची आधीची आवृत्ती घ्यायला हरकत नाही. ‘डिस्कस’ दहा वर्षांत बदललेला नाही. किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चांगल्या प्रती मिळतात, फक्त पानं मोजून, बांधणी उसवलेली नाही ना ते बघून घ्या. छपाई पुसट असेल, अक्षर दुहेरी दिसत असेल, तर ती चोरटी प्रत. तिला हात लावू नका, कारण त्यात आधी बळी जातात ती उच्चारचिन्हं. सगळ्यांना देणं जमत नसेल तर दोन प्रती मंडळाच्या अभ्यासिकेत टेबलावर ठेवा. कपाटात नको. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मोठा कोश काचेच्या कपाटात कुलपात आहे आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी जेवायला जातात. त्या कोशाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

वॉर्डावॉर्डातल्या वाचनालयांनी एवढं करावं : उघड्या स्टँडवर एक लर्नर्स कोश, एक ‘कन्साइज’ किंवा ‘चेंबर्स’, आणि शेजारी दाते-कर्वे किंवा मोल्सवर्थ. मोठ्या ग्रंथालयांनी मोठ्या ऑक्सफर्डच्या ऑनलाइन आवृत्तीची वर्गणी भरावी आणि सभासदांना एका संगणकावर ती खुली ठेवावी. २००० सालापासून ती आवृत्ती नव्याने तपासली जात आहे, आणि नोंद तपासून झाली आहे की जुनीच आहे हे नोंदीपाशीच लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या किती मुलांनी तो कोश एकदा तरी उघडून पाहिला असेल, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

यंदा खरेदीला जाणाऱ्या मंडळींनी दुकानात पाच मिनिटं काढून ‘कल्चर’, ‘डिस्कस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ या तीन नोंदी वाचाव्यात. पहिलीत जिवाणूंचा अर्थ आहे का, दुसरीत ‘अबाउट’ची सूचना आहे का, तिसरीत अनेकवचन होत नाही असं सांगितलं आहे का. तीनही असेल तर पुस्तक घ्या. लालबाग-परळ भागातल्या कुठल्याही मंडळाला सोबत हवी असेल तर मी आनंदाने येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. दिवसा हातात मुद्रितं असतात, पण संध्याकाळी सहानंतर कधीही.

आपली,
एक मुद्रितशोधक
लालबाग, मुंबई